तिसऱ्या रांगेत बसून पारखलेली गाडी

आमच्या घरात सात माणसे आहेत. सासू-सासरे, सासऱ्यांची धाकटी बहीण म्हणजे आमच्या आत्या, आम्ही दोघे, आठवीत शिकणारा मोठा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. नाशिकहून कळवण तालुक्यातल्या गावी जायचे असो किंवा वणीच्या देवीचे दर्शन घ्यायचे असो, आमच्या पाच आसनी गाडीत सगळे मावत नसल्यामुळे दर वेळी दुसरी गाडी भाड्याने करावी लागे, नाहीतर घरातले कुणीतरी मागे राही, आणि मागे राहण्याची ही पाळी बहुतेक वेळा आत्यांवर येई. हे थांबावे म्हणून आम्ही तीन रांगांची वापरलेली गाडी घ्यायचे ठरवले. मी एका सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर काम करते, त्यामुळे गाड्यांची कागदपत्रे माझ्या रोजच्या पाहण्यातली आहेत, परंतु स्वतःच्या घरासाठी गाडी पारखण्याची वेळ प्रथमच आली. या शोधात मला एक गोष्ट अगदी स्पष्टपणे कळली. अशी गाडी आपण तिसऱ्या रांगेसाठीच घेतो, आणि पाहायला गेल्यावर सर्वांत कमी वेळ त्याच रांगेला देतो.

आमची मर्यादा चौदा लाखांची होती. वापरलेलीच का, हा प्रश्न सासऱ्यांनी सुरुवातीलाच विचारला आणि तो रास्त होता, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली आणि मोठ्या एसयूव्हींवर उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या त्यामुळे स्वस्त झाल्या. त्यानंतरही वापरलेल्या गाडीच्या किमतीची तुलना जुन्या बिलाशी करणारे विक्रेते आम्हाला भेटले, तेव्हा आम्ही प्रत्येक वेळी आजच्या नव्या गाडीची ऑन-रोड किंमत समोर ठेवूनच बोललो. तरीही आम्हाला हव्या त्या आकाराची आणि डिझेल इंजिनाची नवी गाडी आमच्या चौदा लाखांत बसत नव्हती, आणि चार-पाच वर्षे वापरलेली बसत होती.

यादीत प्रथम किया कॅरेन्स, ह्युंदाई अल्काझार, टाटा सफारी, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि टोयोटा इनोव्हा क्रिस्टा ही नावे होती. क्रिस्टा प्रशस्त असते, तिची तिसरी रांग मोठ्या माणसांना चालते, परंतु आमच्या पैशांत मिळणाऱ्या बहुतेक क्रिस्टा खूप चाललेल्या होत्या. कॅरेन्समध्ये चढणे-उतरणे सर्वांत सोपे वाटले आणि साधी नवी कॅरेन्स आमच्या मर्यादेतही येत होती, पण तिचे १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन ११५ पीएस आणि १४४ न्यूटन-मीटरचे आहे. सात माणसे आणि सामान घेऊन नेहमी घाट चढायचे असतील तर मला त्याहून जास्त टॉर्क, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये मोजला जाणारा इंजिनाचा ओढण्याचा जोर, हवा होता. अल्काझारचे डिझेल २५० न्यूटन-मीटर देते, सफारीचे २ लिटरचे डिझेल १७० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर. एक्सयूव्ही ७०० चे डिझेल त्याहूनही जोरकस, पण तिच्या किमती आमच्या हाताबाहेर होत्या. शेवटी अल्काझार आणि सफारी या दोन नावांवर आम्ही थांबलो, मात्र समोर चांगली गाडी आली तर तिसरीही पाहायची असे ठरले.

यानंतर मी जे काम केले ते कोणतीही गाडी पाहण्याआधीच करण्याचे आहे, असे मी आग्रहाने सांगेन. मी वहीच्या पानावर सात चौकोन काढले आणि कोण कुठे बसेल हे लिहायला घेतले. सात आसने आणि सात माणसे, मग यात ठरवायचे ते काय, असे वाटते, पण प्रत्यक्षात एकेक जागा दुसरीला अडवते. तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी दुसऱ्या रांगेचा डावीकडचा भाग पुढे घ्यावा लागतो, कारण फुटपाथाच्या बाजूने चढणे सुरक्षित असते. म्हणजे डावीकडे बसणाऱ्या माणसाला मागच्यांच्या प्रत्येक चढण्या-उतरण्याच्या वेळी खाली उतरावे लागणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ते जमण्यासारखे नाही, म्हणून त्या पुढे, चालकाच्या शेजारी. धाकटीची लहान मुलांची सीट डाव्या बाजूला लावली, तर मागे जाण्याची वाटच बंद होते, कारण पट्ट्याने किंवा आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच बसवलेल्या, आकड्यांनी बांधलेली सीट दर वेळी काढून ठेवणे शक्य नसते. आयसोफिक्सची सोय बहुधा दुसऱ्या रांगेच्या दोन्ही कडांना असते, मध्ये नसते. तेव्हा तिची सीट उजवीकडे, चालकाच्या मागे. सासरे रोज सकाळी गोदाकाठी फिरायला जातात आणि चपळ आहेत, म्हणून डावीकडची, उठबस करावी लागणारी जागा त्यांनी आपण होऊन मागून घेतली. आत्या मध्ये. राहिलो मोठा मुलगा आणि मी, आम्ही दोघे तिसऱ्या रांगेत. हे म्हणजे गाडी चालवणाऱ्याची आवड या निवडीत शेवटी येणार होती, आणि माझ्या यजमानांनी ते मनापासून मान्य केले.

या मांडणीतून लगेच दोन अटी निघाल्या. पहिली, दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सहा आसनी गाडी आम्हाला कितीही आवडली तरी चालणार नव्हती. जाहिरातीत सहा आणि सात आसनी गाड्यांचे फोटो सारखेच दिसतात, म्हणून फोनवरच आसनसंख्या विचारायची आणि नोंदणी प्रमाणपत्रावरची संख्या पाहायची. दुसरी, आत्यांच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा आहे की फक्त कमरेचा, हे पाहायचे. आम्ही पाहिलेल्या काही गाड्यांत मध्ये कमरेचाच पट्टा होता, आणि डोक्यामागची उशी तर कुठेकुठे नव्हतीच. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण जिथे बसवणार आहोत तिथली सुरक्षितता सर्वांत उणी असावी, हे मला पटण्यासारखे नव्हते.

गाडी पाहायला गेल्यावर मी प्रथम मागे जाऊन बसत असे. विक्रेते बॉनेट उघडून उभे असत आणि मी तिसऱ्या रांगेत. तिथे बसताना मधली सीट आधी बसणाऱ्याच्या सोयीइतकी मागे घ्यायला लावायची, कारण ती पूर्ण पुढे सरकवून मागची ऐसपैस जागा दाखवण्याची पद्धत सगळीकडे आहे. सासरे आपल्या पद्धतीने टेकून बसले की मग माझ्या गुडघ्यांना किती जागा उरते ते खरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमिनीपासून बैठकीची उंची. बहुतेक गाड्यांत तिसऱ्या रांगेची बैठक फरशीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्या बैठकीला टेकत नाहीत आणि शरीराचा सगळा भार कंबरेच्या खालच्या भागावर येतो. पाच मिनिटांत ते जाणवत नाही, वीस मिनिटांत जाणवते. मधल्या सीटखाली पावले जातात की नाही हेही पाहावे, पाय लांब करता आले तर गुडघ्यांची कमी जागाही सोसते. एसीच्या झरोक्यांसमोर मी हात धरून बसे आणि पुढे एसी लावून गाडी उन्हात उभी करायला सांगे. मार्चच्या दुपारी मागची हवा थंड व्हायला किती वेळ लागतो, यावर आमच्या मुलाचा सगळा प्रवास अवलंबून होता, कारण त्याला गाडी लागते.

सामानाचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. तिन्ही रांगा उभ्या असताना सफारीची डिकी ७३ लिटर भरते, अल्काझारची १८० आणि कॅरेन्सची २१६. आकड्यांपेक्षा आमची नेहमीची मधली प्रवासी बॅग सोबत नेणे जास्त उपयोगी पडले. ती अल्काझारमध्ये मावली, सफारीत दोन दप्तरांइतकीच जागा उरली. तिसऱ्या रांगेचा एक भाग पाडला तर सामान मावते, पण मग सातवा माणूस कुठे बसवायचा? सात जणांच्या मुक्कामी प्रवासाला टपावर कॅरिअर लागणारच, हे त्याच दिवशी हिशेबात धरले.

तिसऱ्या रांगेत इतका वेळ बसल्याचा आणखी एक लाभ झाला. गाडीचा मागचा इतिहास तिथे जितका सापडतो तितका पुढे सापडत नाही. विकणारा स्टिअरिंगवर नवे आवरण घालतो, पुढच्या सीटना कव्हरे चढवतो, डॅशबोर्ड चमकवतो, पण मागची रांग तशीच राहते. घरगुती वापराच्या गाडीत ती बहुधा पाडलेलीच असते आणि तिचे कापड जवळजवळ नवे दिसते. एका व्यापाऱ्याकडे पाहिलेल्या गाडीचे किलोमीटर अठ्ठेचाळीस हजार दाखवत होते, पुढच्या सीटवर नवी कव्हरे होती, आणि मागे मात्र बैठकीचा फोम कडेने बसला होता, प्लॅस्टिकच्या भिंतींवर बॅगांचे खोल ओरखडे होते आणि डाव्या बाजूची, धरून चढायची मूठ गुळगुळीत झाली होती. रोज कुणीतरी तिथून चढत-उतरत होते. चासी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मिळवल्या, तेव्हा त्यात दीड वर्षापूर्वीच एक्क्याण्णव हजार किलोमीटर लिहिलेले निघाले. व्यापाऱ्याने नोंदीच चुकीच्या असतील असे सांगितले. आम्ही त्यावर वाद घातला नाही.

दुसरी गाडी आम्हा सर्वांना आवडली होती. एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीची नोंदणी, २०२१ च्या पूर्वार्धातली, रंग स्वच्छ, किलोमीटर कमी आणि किंमत बाजारभावापेक्षा दीड लाखाने उणी. मी मागे बसले आणि सवयीप्रमाणे तिसऱ्या रांगेचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. हा पट्टा पूर्ण ओढण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही, त्यामुळे त्याचे आतले टोक वर्षानुवर्षे गुंडाळीतच राहते. त्या टोकाकडच्या वीतभर भागावर एक सरळ, तपकिरी रेघ होती. रेघेच्या अलीकडचा भाग काळा आणि पलीकडचा करडा होता, आणि बोटाने घासल्यावर विणीतून बारीक, कोरडा गाळ निघाला. मग आमच्या सोबतच्या मिस्त्रींनी मागची चटई उचलली, सीटच्या लोखंडी पट्ट्यांचे नट दाखवले, ते गंजलेले होते, आणि चटईखालच्या वायरींच्या जोडणीवरही पांढरट थर होता. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहर बुडाले होते आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. ही गाडी त्याच पुरातली होती की कुठल्या दुसऱ्या पाण्यातली, हे मी सांगू शकत नाही, पण ती बसायच्या जागेपर्यंत पाण्यात होती यात शंका उरली नाही. आजच्या गाडीत एअरबॅगची यंत्रणा, सेन्सर आणि त्यांच्या वायरी फरशीलगतच असतात. आज सुरू असलेली यंत्रणा अपघाताच्या क्षणी चालेलच, असे अशा गाडीबद्दल कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. विक्रेत्याला याची कल्पना होती का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ती गाडी कुठल्या तरी दुसऱ्या कुटुंबाने घेतली असेल, याची रुखरुख मात्र मला अजून आहे.

तिसऱ्या रांगेच्या बाबतीत मी सर्वांत कठोर राहिले ते मागून बसलेल्या धडकेबद्दल. पुढचा फेंडर किंवा दरवाजा रंगवलेला असणे ही शहरातल्या गाडीसाठी नित्याची गोष्ट आहे. तीन रांगांच्या गाडीत मात्र शेवटच्या माणसाच्या डोक्यात आणि मागच्या काचेत जेमतेम हातभर अंतर असते. तिथला पत्रा एकदा वाकून सरळ केलेला असेल तर पुढच्या धडकेत तो कसा वागेल? मिस्त्रींकडे रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र होते. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो, पुटी भरून रंगवलेल्या जागी तोच आकडा कितीतरी पट होतो. एका चांगल्या दिसणाऱ्या अल्काझारच्या मागच्या दरवाजावर यंत्राने आठशेच्या पुढचा आकडा दाखवला. डिकीची चटई उचलल्यावर खालच्या पत्र्याच्या सांध्यावर हाताने फासलेले सीलंट आणि वेडेवाकडे वेल्ड दिसले, जिथे कारखान्यातले वेल्ड एकसारख्या गोल ठिपक्यांनी ओळीत असतात. मालकाने प्रामाणिकपणे सांगितले की मागून टेम्पो धडकला होता. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानून आम्ही निघालो.

इथे दोन साध्या खुणा सांगते. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट मुळातच असते आणि पुढच्या काचेच्या आतून तिसरे नोंदणी-चिन्ह म्हणून एक रंगीत स्टिकर लावलेला असतो, डिझेलला नारिंगी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा. तो नसेल तर काच बदलली आहे का, हे विचारावे. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, आणि पाचही टायर पाहावेत, कारण सुट्या टायरवरचे वर्ष गाडीच्या वर्षाशी जुळले तर इतर टायर केव्हा बदलले याचाही अंदाज येतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारे यंत्र, लावल्यावर बिघाडाचे कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही तो दाखवतो. एका गाडीत तो आकडा बारा होता, म्हणजे आम्ही येण्याच्या थोडे आधीच कुणीतरी सगळे पुसून ठेवले होते.

आम्हाला हवी होती ती गाडी वणीजवळ मिळाली. २०२१ ची सफारी, डिझेल, मॅन्युअल गिअर, सात आसनी, एमएच १५ म्हणजे नाशिकची नोंदणी, पहिलेच मालक, एकसष्ट हजार किलोमीटर. मालक द्राक्ष बागायतदार. दोन्ही मुले पुण्याला गेल्यामुळे घरात दोनच माणसे उरली, हे विकण्याचे कारण आम्हाला पटले, कारण गाडीची तिसरी रांग तेच सांगत होती. तिथल्या पट्ट्यांना कारखान्यातल्या घडीचा कडकपणा अजून होता. बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या डिझेल गाडीत धूर गाळणारा डीपीएफ असतो आणि गाडी सतत चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या मारत असेल तर तो काजळीने भरतो, कारण काजळी जळण्यासाठी बराच वेळ सलग वेगात धावणे लागते. म्हणून रोजचा वापर कसा होता हे मी खोदून विचारले. शेतावर जायला जुनी जीप होती, ही गाडी नाशिक आणि पुण्याच्या प्रवासालाच बाहेर निघे. सर्व्हिसच्या नोंदींतल्या तारखा आणि किलोमीटर त्याच्याशी जुळले.

मी त्यांना विनंती केली की आम्ही सातही जण येऊ आणि घाटात चालवून पाहू. व्यापाऱ्यांकडे ही विनंती करून मी दर वेळी नकार ऐकला होता, कारण त्यांच्याकडची चाचणी म्हणजे चालक, एक गिऱ्हाईक आणि सपाट रस्त्यावरचे दोन किलोमीटर. बागायतदारांनी सासऱ्यांना सरळ सांगितले, “दादा, सगळे बसा आणि गडावर जाऊन या. घाटात जे कळेल ते गावात कळायचं नाही.” ते स्वतः आमच्या जुन्या गाडीतून मिस्त्रींबरोबर मागून आले.

नांदुरीपासून सप्तशृंगगडाकडे जाणारा घाट चढाचा आणि तीव्र वळणांचा आहे, पारखण्यासाठी याहून चांगला रस्ता आमच्या भागात शोधून सापडणार नाही. आम्ही ठरलेल्या जागांवर बसलो. सासूबाईंना पुढे चढताना पायरी उंच पडली. खिडकीवरची मूठ धरून त्या चढल्या, पण बाजूला पायदान बसवावे लागेल हे तिथेच नक्की झाले. सासरे उतरले, सीट पुढे घेतली, मुलगा आणि मी आत गेलो. सात जण बसल्यावर गाडी मागून किती खाली बसते हे मिस्त्रींनी बाहेरून पाहिले. घाटापर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाशी मी कान मागच्या चाकांकडे ठेवून होते. रिकाम्या गाडीत जे शॉक अॅब्सॉर्बर निर्दोष वाटतात ते पूर्ण भारात थकलेले असतील तर गतिरोधकावरून उतरताना गाडी एकदा आपटते आणि नंतर पुन्हा एकदा झुलते. इथे ती एकदाच दबली आणि स्थिर झाली. डाव्या मागच्या बाजूने एक बारीक ठकठक मात्र येत होती, ती चालकाच्या जागी ऐकूच येत नव्हती.

चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन न कुरकुरता ओढत होते. क्लच घसरत असेल तर अशा वेळी इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, यजमानांनी मुद्दाम वळणावर गती कमी करून पुन्हा वेग देऊन ते पाहिले. तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. मागे बसलेल्यांना वळणे जास्त लागतात, कारण तिसरी रांग जवळजवळ मागच्या चाकांवरच असते आणि शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते. मुलाचा चेहरा चौथ्या-पाचव्या वळणानंतर उतरला. त्याच्या बाजूचा झरोका मी त्याच्या कपाळाकडे वळवला, समोरच्या सीटवरून पुढचा रस्ता दिसेल असे त्याला सरळ बसवले, आणि गडावर पोहोचेपर्यंत त्याला उलटी झाली नाही. त्याच घाटाने नेहमी जाणाऱ्या आमच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. माझे म्हणाल तर गुडघे वर येत होते, पण पावले मधल्या सीटखाली जात होती, आणि डोके छताला लागत नव्हते. दोन तासांच्या प्रवासाला ही जागा चालेल, सहा तासांच्या प्रवासात मला मध्येच उतरून पाय मोकळे करावे लागतील, असे मी तेव्हाच घरच्यांना सांगितले. उंच माणसाला तिथे बसवू नये.

उतरताना पूर्ण भारातले ब्रेक पाहिले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, ब्रेक मधूनमधून दाबत यजमान खाली आले. थांबल्यावर मिस्त्रींनी चारही चाकांजवळ जाऊन वास घेतला, पेडल दाबून पाहिले, ते खाली जात नव्हते. मग गाडीखाली पडून त्यांनी ठकठकीचे कारण शोधले. मागच्या सस्पेन्शनमधले एक रबर झिजले होते, काम किरकोळ खर्चाचे होते. टायरवरचे आकडे २०२१ चेच होते. नक्षी शिल्लक होती, तरी पाच वर्षे होत आलेल्या टायरांवर मी सात माणसे घाटात नेणार नव्हते. डावा फेंडर रंगवलेला होता, मालकांनी तो आपण होऊन सांगितला आणि विम्याच्या दाव्याची नोंद त्याच्याशी जुळली. टायर, रबर, पायदान आणि कॅरिअर यांचा खर्च कागदावर मांडून आम्ही बोललो आणि सांगितलेल्या किमतीतून पंचाहत्तर हजार कमी होऊन व्यवहार ठरला. सासऱ्यांनी इसार दिला.

कागदांच्या बाबतीत मी कुणावर सोपवले नाही. मालकांचे कर्ज फिटलेले होते, परंतु नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो असा समज सर्वत्र आहे, मी तो रोज टेबलावर पाहते. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात द्यावा लागतो. बोजा उतरल्याचे ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर दिसल्यावरच आम्ही उरलेली रक्कम दिली, तीही सगळी बँकेतून. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागले. गाडी आणि आम्ही एकाच परिवहन कार्यालयाच्या हद्दीत असल्यामुळे दुसऱ्या कार्यालयासाठी लागणारे फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र काढावे लागले नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते, पण मी ते विकणाऱ्याच्याही हितासाठी लगेच केले. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याकडूनच मागितली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलेले आहे. बागायतदारांनी भरवशावर गाडी दिली होती, त्यांच्या नावावर आमची जोखीम एक दिवसही राहू नये असे मला वाटत होते.

वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीवर समृद्धी महामार्गावरचे वेगमर्यादेचे एक चलान शिल्लक दिसले, ते त्यांनी आमच्यासमोर भरले. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. या काळात तृतीय पक्षाचे संरक्षण चालू मानले जाते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे मात्र तसे नसते. जुन्या मालकाला मिळालेली नो-क्लेम बोनसची, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची, सवलत गाडीबरोबर येत नाही, ती त्या माणसाची असते, त्यामुळे उरलेल्या काळाचा फरक आम्ही भरला आणि आमच्या जुन्या गाडीवरची सवलत तिच्या विक्रीनंतर इकडे आणण्याचे पत्र विमा कंपनीकडून घेतले. राहिला होता फास्टॅग. एका वाहनाला एकच फास्टॅग चालत असल्यामुळे मालकांनी त्यांचा बंद केल्याखेरीज आमचा नवा सुरू होत नव्हता, आणि त्यांच्या खात्यातून आमचा टोल कापला जाणेही बरे नव्हते. त्यांनी बँकेच्या ॲपवरून तो बंद केला, काचेवरचा जुना टॅग मिस्त्रींनी ब्लेडने हळूच सोडवला, आणि नव्या टॅगची नोंदणी झाल्यावर गाडी टायर बदलण्यासाठी थेट अंबड लिंक रोडवरच्या दुकानात गेली.